आधी कपडा उलटा करून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घर बदलताना कपाट रिकामं केलं, मोजले तर २१२ कपडे निघाले, त्यातल्या तीस-पस्तीस कपड्यांचे तर टॅगसुद्धा काढलेले नाहीत, आणि तरी रोज सकाळी "घालायला काही नाही" हे होतंच. आता सगळं काढून टाकून मोजके लिनन आणि ऑरगॅनिक कॉटनचे कपडे घ्यावेत का, जुने कुठे द्यावेत, मिस्टर म्हणतात एवढं काय मनाला लावून घेतेस, स्वस्तच तर होते, आणि शिवाय सासूबाईंच्या सहा सुती नऊवारी आहेत त्यांचं काय करायचं.

मी १९९८ पासून डोंबिवलीत शिवणकाम करते. आधी ब्लाउज आणि फॉल-पिको, मग ड्रेस, आणि गेली दहा-बारा वर्षं निम्म्याहून जास्त काम अल्टरचं आहे. म्हणजे लोकांनी घेतलेले पण न घातलेले कपडे रोज माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे ह्या विषयावर मला बरंच सांगायचंय, उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी, आत्ता नवीन काही घेऊ नका. लिनन नको, ऑरगॅनिक नको, आणि बांबूचं कापड म्हणून जे विकतात ते तर मुळीच नको, कारण ते बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यावर केमिकलची प्रक्रिया करून काढलेलं व्हिस्कोसच असतं, हाताला मऊ लागतं म्हणून आपण फसतो. तुमच्या कपाटातल्या २१२ कपड्यांसाठी लागायचं ते पाणी, वीज, रंग, कुणाची तरी मेहनत, सगळं खर्च होऊन बसलंय. ते तसंच टाकून परत चांगले म्हणून वीस कपडे आणले तर तेवढ्याचा खर्च नव्याने सुरू झाला की. माझ्याकडे अशा दोन-तीन गिऱ्हाइकं आहेत ज्यांनी एकदा सगळं काढून टाकलं आणि वर्षा-दीड वर्षात कपाट परत तेवढंच भरलं, कारण काढून टाकलं तरी कपडे घेण्याची सवय तशीच राहिली.

मग करायचं काय, तर एका रविवारी सगळे कपडे पलंगावर काढा आणि तीन ढीग करा. जे नेहमी घालता ते एका बाजूला, जे कधीच घालणार नाही असं मनापासून वाटतं ते दुसऱ्या बाजूला, आणि मधला ढीग म्हणजे जे आवडतात पण घातले जात नाहीत, घातले की काहीतरी खटकतं आणि परत हँगरला जातात. घाई करू नका, प्रत्येक कपडा अंगात घालून आरशासमोर हात वर करून, खाली बसून बघा. मधला ढीग सगळ्यात मोठा निघेल, मी इतकी वर्षं तेच बघतेय. आणि त्यातल्या बऱ्याच कपड्यांचा दोष अगदी बारीक असतो, बटण गेलंय, गळा मोठा आहे, लांबी अध्येमध्ये आहे, चेन अडकते.

मागच्या वर्षी एक ताई अकरा कुर्त्या घेऊन आल्या, म्हणाल्या ह्या देऊन टाकायच्यात, तुमच्या ओळखीत कुणाला चालतील का. मी म्हटलं एक घालून दाखवा. घातली, हात पुढे केला आणि पाठीवर कापड ताणलं गेलं. दुसरी घातली, तसंच. तिसरी, तसंच. अकराच्या अकरा मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, घट्ट. छाती बरोबर, कंबर बरोबर, फक्त मुंढ्याला अर्धा इंच कमी. मोठा साइझ घेतला की खांदा उतरायचा म्हणून परत लहान घ्यायच्या, आणि ह्या वेळची तरी नीट बसेल ह्या आशेवर सहा वर्षं नवीन नवीन कुर्त्या घेत राहिल्या. सात कुर्त्यांच्या बाजूच्या शिवणी उसवून मुंढ्यापासून कमरेपर्यंत अर्धा इंच सोडला. उरलेल्या चारांत आत सोडायला काहीच नव्हतं, मग त्यांच्याच ओढणीतून तुकडा काढून काखेत चौकोनी कापड बसवलं, जुने शिंपी ह्याला चौबगला म्हणायचे, अंगरख्याला असायचा तोच, त्याने हात मोकळा होतो आणि बाहेरून कुणाला दिसतही नाही. अकरांचं मिळून बिल हजाराच्या आत झालं. त्या ताईंनी त्यानंतर आजपर्यंत एकही कुर्ती घेतलेली नाही, परवा भेटल्या तेव्हा त्यातलीच एक अंगात होती.

तर तुमच्या मधल्या ढिगासाठी जवळपासचा एखादा अल्टर करणारा शोधा आणि एकदम पन्नास कपडे नेऊन टाकू नका, पाच-पाच न्या. चेन खराब असली तर पूर्ण चेन बदलायची गरज बऱ्याचदा नसतेच, दात शाबूत असतील तर नुसता रनर, म्हणजे वर-खाली सरकतो तो तुकडा, बदलून भागतं, त्याला फार पैसे पडत नाहीत. जीन्स मांडीला घासून विरायला लागली की भोक पडायची वाट बघू नका, विरलेली दिसली की लगेच आतून पट्टी लावून रफू करून घ्या, ती जीन्स अजून दोन वर्षं काढते, भोक पडल्यावर मात्र कडेचं कापडही कमजोर झालेलं असतं आणि टाका धरत नाही. शर्टाची कॉलर घडीवर झिजली तर ती काढून उलटी करून बसवता येते, आतली बाजू नवीकोरी असते. माझ्या सासऱ्यांच्या पिढीत हे प्रत्येक शिंपी न सांगता करायचा, आता गिऱ्हाइकालाच माहीत नसतं की असं काही होतं.

आता मिस्टरांचं जे म्हणणं आहे, स्वस्तच तर होते, त्याबद्दल. तुमच्या ढिगातली ३९९ वाली एखादी कुर्ती घ्या आणि उलटी करा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आमच्यात माया म्हणतात. पूर्वी ब्लाउजला दोन्ही बाजूंना एक-दीड इंच माया सोडल्याशिवाय कात्री चालायची नाही, कारण बाई बाळंत होणार, अंग भरणार, उतरणार, कपडा मात्र तोच राहणार हे धरूनच शिवायचं. मुलांचे कपडे तर वाढत्या अंगाचेच शिवायचे, फ्रॉकला खाली चार बोटं दुमड, दर जूनमध्ये एक टीप उसवायची, शाळेचा स्कर्ट तीन वर्षं जायचा. आता त्या कुर्तीत बघा, इंटरलॉकच्या दोऱ्याला लागून पाव इंचही कापड नसेल. सैल करायचा प्रश्नच येत नाही. टाकेही बघा, चांगल्या शिलाईत इंचाला दहा-बारा पडतात, हिच्यात सहा-सात असतील, कारण लांब टाका घातला की मशीन पटापट पुढे जातं. आणि दोन-तीन धुण्यांत बाजूची शिवण पोटावर येते ना, ते कापड उभ्या धाग्यात न कापता जसं बसेल तसं कापल्यामुळे, म्हणजे एका ताग्यातून चार कुर्त्या जास्त निघाव्यात म्हणून. रात्रीच्या पायजम्याचंच घ्या, आधी नेफा, म्हणजे इलॅस्टिक ओवायची पोकळ दुमड, असायचा, इलॅस्टिक ढिलं पडलं की सेफ्टी पिनने नवं ओवायचं, पाच मिनिटांचं काम. आता इलॅस्टिक कापडालाच शिवून टाकलेलं असतं, ते ढिलं पडलं की अख्खा पायजमा गेला. म्हणजे हा कपडा बनतानाच असा बनलाय की दुरुस्त होऊ नये, आणि तो टाकून दुसरा घ्यावा लागतो हे त्या किमतीत धरलेलं आहे.

माझं मोजमाप साधं आहे, किंमत भागिले किती वेळा घातला. ४९९ चा टॉप चार वेळा घातला तर एका वेळेचे सव्वाशे रुपये पडले. १८०० चा खादीचा कुर्ता दीडशे वेळा घातला तर एका वेळेचे १२ रुपये. मिस्टरांना हा हिशोब तुमच्या टॅगवाल्या कपड्यांचा करून दाखवा, तिथे तर भागायलाच काही नाही, शून्य वेळा घातलेत.

आणि ते ३९९ कसे जमतात ह्याचाही विचार कराच. एक कुर्ती कापून शिवायला मला, हात बसलेला असूनही, दोन तास लागतात. कारखान्यात काम वाटून होतं म्हणून वेळ कमी लागतो हे खरं, पण ३९९ मधून कापड, दोरा, रंग, फोटो, पॅकिंग, घरपोच देणं, परत आलेला माल, दुकानदाराचा नफा हे सगळं वजा करा आणि शिवणाऱ्या हाताला काय उरलं ते बघा. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली, ११०० च्या वर माणसं गेली, त्यात शिलाई कामगार बायका खूप होत्या. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडल्या होत्या, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली होती, पण वरच्या कारखान्यांतल्या बायकांना कामावर बोलावलं, कारण ऑर्डर वेळेत जायची होती. मी त्या दिवशी बातम्या बघताना मशीनवर बसले होते आणि मला पुढे टीप मारवेना. ते कपडे जगातल्या मोठमोठ्या दुकानांत जायचे, स्वस्त म्हणून.

पाण्याचंही तसंच. एका सुती टीशर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी लागतं असा एक ढोबळ अंदाज सगळीकडे देतात. आपल्या विदर्भातला कापूस बहुतेक कोरडवाहू, पावसावरचा, त्यामुळे तो आकडा तिथे जसाच्या तसा लागत नाही, पण तिथे शेतकऱ्याचा अख्खा हंगाम त्या बोंडात अडकलेला असतो. आणि रंगाचं म्हणाल तर आम्हा डोंबिवलीकरांना ते शिकवायला नको, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ताच रंगाच्या केमिकलने गुलाबी झालेला होता. तेव्हापासून दुकानात एकदम भडक निऑन रंगाचा कपडा आला की मला तो रस्ता आठवतो.

आता न लागणारे कपडे कुठे द्यायचे. इथे मला थोडं स्पष्ट बोलायला लागेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा आमच्या भागातून आम्ही बायकांनी कपडे गोळा केले, दोन दिवसांत एक खोली भरली. मी शिवणारी म्हणून निवडायचं काम माझ्याकडे आलं. त्यात बाही फाटलेले ब्लाउज, एकच पाय नीट असलेल्या लेगिंग, घामाचे डाग, परकर नसलेल्या साड्या, पार्टीचे टिकल्यांचे गाऊन. चिखलातून घर धुऊन काढणाऱ्या बाईने टिकल्यांचा गाऊन घालायचा का हो? निम्म्याहून जास्त आम्ही तिथेच बाजूला काढले, पाठवलेच नाहीत. तर देताना एकच बघा, हा कपडा मी माझ्या सख्ख्या बहिणीला देईन का. धुतलेला, इस्त्री नाही तर निदान नीट घडी केलेला, बटणं लावलेला, पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी-सलवारसकट एकत्र बांधलेला. टॅगवाले तीस-पस्तीस कपडे आधी नात्यात, ऑफिसात विचारून द्या, तिथे ते खरंच घातले जातील. जुनं पण चांगलं सुती कापड असेल तर गूंजसारख्या संस्था त्याचे सॅनिटरी पॅडसुद्धा बनवतात. आणि तुमच्याकडे बोहारीण येत असेल तर तिला अजिबात कमी लेखू नका, तिच्याकडे गेलेला कपडा निवडला जातो, दुरुस्त होतो, विकला जातो, कुणाच्या तरी अंगावर पोचतो. एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर घासाघीस करू नका एवढंच म्हणेन.

जे अगदीच फाटलेले आहेत त्यांचं पुढे काय होतं हेही माहीत असावं. आपल्याकडे त्याचं मोठं केंद्र हरियाणातलं पानिपत. तिथे देशातल्या आणि परदेशातून आलेल्या चिंध्यांचे डोंगर असतात, बायका विळीसारख्या उभ्या पात्यासमोर बसून चेन, बटणं, लेबल कापून काढतात, रंगाप्रमाणे वेगळं करतात म्हणजे परत रंगवायला नको, मग ते मशीनवर पिंजून त्याचा परत धागा काढतात. पूर-भूकंपात वाटतात त्या जाड करड्या चादरी-ब्लँकेटं बऱ्याचदा ह्याच धाग्याची. पण सगळंच तिथे जात नाही आणि गेलं तरी सगळ्याचं काही होत नाही. लोकर, सुती निघतं. सुती, पॉलिस्टर आणि स्ट्रेचचा रबरासारखा धागा एकत्र विणलेला असला, म्हणजे आजच्या जवळजवळ प्रत्येक लेगिंग आणि स्किनी जीन्समध्ये असतो तसा, तर तो वेगळा करणं फार अवघड जातं. म्हणून "रिसायकल होईल ना" ह्या भरवशावर काही विकत घेऊ नका.

घरात कापड ओळखायचं असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा ओढून काडी लावा, बेसिनमध्ये, चिमट्यात धरून. सुती कागदासारखं जळतं आणि राख हाताने चुरते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो. रेशीम, लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. दुसरी परीक्षा त्याहून सोपी, ह्या कपड्याचं पुढे फडकं होईल का. पॉलिस्टरचं होत नाही, पाणी नुसतं इकडून तिकडे फिरवतं, शोषत नाही. आमच्या आईकडे सुती साडीचा प्रवास ठरलेला होता, बाहेरची, मग घरातली, मधे विरली की मधला भाग काढून दोन टोकं जोडून दंड घातलेली, मग तिची दुपटी, लंगोट, मग ओट्याचं फडकं, मग सायकल पुसायला, आणि शेवटी चूल पेटवायला. ह्यातला एकही टप्पा त्या ३९९ च्या कुर्तीला जमत नाही.

आहेत ते पॉलिस्टरचे कपडे मात्र टाकू नका, वापराच. फक्त धुताना उलटे करून, गार पाण्यात, मशीन पूर्ण भरल्यावरच धुवा आणि उगाच रोज धुऊ नका, कारण प्रत्येक धुण्यात त्यांचे बारीक प्लास्टिकचे धागे पाण्यातून वाहून जातात. स्ट्रेचवाले कपडे कडक उन्हात वाळवू नका, गरम इस्त्री नको, उष्णतेने आतला लवचिक धागा मरतो आणि गुडघ्याला फुगे येतात.

परत कपाट भरू नये म्हणून मी गिऱ्हाइकांना एवढंच सांगते की फोनमधून कार्डाचा सेव्ह केलेला नंबर काढून टाका, आवडलेली वस्तू कागदावर लिहा आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला परत वाचा. बऱ्याच गोष्टी तोपर्यंत आठवतही नाहीत. आणि दुकानात गेलात की कपडा आधी उलटा करा, माया बघा, टाके बघा, मग किमतीचं लेबल. लग्नकार्याला साडी नेसायची असेल तर बहिणी-जावांत अदलाबदल करा, ब्लाउजला माया असली की एकच ब्लाउज दोघींना बसतो, मी तसे मुद्दाम शिवून देते, मागे दुहेरी हुकाच्या ओळी लावून.

राहिल्या सासूबाईंच्या नऊवारी. त्या कुणाला देऊ नका आणि कापून कुशन कव्हरही करू नका, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं ते सुती आता बाजारात मिळत नाही. गोधडी शिवा. नऊवारी साधारण आठ मीटर, तिच्यातून एका माणसाच्या गोधडीचे तीन थर निघतात, म्हणजे दोन साड्यांत एक गोधडी, सहांत तीन. सगळ्यात कमी विरलेली, रंग टिकलेली साडी वरच्या-खालच्या थराला ठेवा, विरलेली आत. काठ कापून फेकू नका, तेच चारी बाजूंना पट्टी म्हणून लावा. जमिनीवर सतरंजी टाकून थर एकावर एक पसरा, हाताने सुरकुत्या काढा, चार कोपरे आणि मध्ये जागोजागी मोठे कच्चे टाके घालून घ्या नाहीतर आतला थर सरकून गोळा होतो. मग दुहेरी सुती दोरा, जाड सुई, आणि साधा धावदोरा, कडेपासून सुरू करून आत आत वळत जायचं, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. मशीनवर मारू नका, मशीनच्या टाक्याने जुनं कापड ओळीत फाटतं, हाताचा टाका सैल असतो म्हणून ते टिकतं. रोज तासभर बसलात तर महिन्या-दीड महिन्यात एक होईल, सासूबाईंना जमत असेल तर त्यांनाही बरोबर बसवा, टाका कसा धरायचा ते त्या माझ्यापेक्षा नीट दाखवतील. फक्त शिवायच्या आधी साड्या धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका आणि हे काम पावसाळ्याआधी उरका, दमट हवेत जुनं सुती वास धरतं आणि सहा थर एकदा शिवले की आतून लवकर वाळत नाहीत.